गगनचुंबी कचेरी आणि सुताराचा साचा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



मुंबईच्या उंच कचेऱ्या कशा बांधतात, हा विषय आम्ही आजच्या व्याख्यानासाठी निवडला, तेव्हा सुतारांच्या सभेत लोखंड-सिमेंटाचे पुराण कशाला, अशी शंका काही वडीलधाऱ्यांनी काढली. शंका रास्त आहे. परंतु ज्या मनोऱ्यांत बाहेरून लाकडाची एक ढलपीही दृष्टीस पडत नाही, ते मनोरे पुष्कळ अंशी सुताराच्याच हातांवर उभे राहिले, आणि आज त्या हातांची गरज तेथे कमी होऊ लागली आहे. तेव्हा हा विषय परका नसून आपल्या घरचाच आहे.

आपल्या जिल्ह्यात घर म्हटले की जांभ्याचा चिरा आला. खाणीतून निघताना मऊ, वारा-ऊन लागले की टणक, असा हा गुणी दगड. त्याच्या भिंतीवर आपण एक मजला चढवितो, फार तर दोन. 1910 साली पुरा झालेला आपला थिबा राजवाडाही तीनच मजल्यांचा आहे. याहून उंच जावयाचे तर भिंतच आड येते. भिंत जितकी उंच, तितके तिचे स्वतःचे ओझे अधिक. आणि ते पेलण्यासाठी बुंध्याशी तिची जाडी वाढवीत जावी लागते. अमेरिकेतील शिकागो शहरी 1891 साली मोनॅडनॉक नावाची 16 मजली इमारत विटांच्या भिंतींवर उभारली, तेव्हा तळाशी भिंत सहा फूट जाड करावी लागली. भाड्याने द्यावयाची जागा भिंतीनेच गिळून टाकावी, हा व्यवहार कोणाला परवडणार?

यावरची तोड त्याच शहरात काही वर्षे आधीच निघाली होती. 1885 साली विल्यम ले बॅरन जेनी या स्थापत्यविशारदाने एका विमा कंपनीची दहा मजली इमारत मुख्यतः लोखंडी सांगाड्यावर उभी केली. भार खांबांनी आणि तुळयांनी वाहावा, भिंतीने ऊन-पाऊस तेवढा अडवावा, ही ती युक्ती. जग या घटनेला गगनचुंबी इमारतीचा आरंभ मानते. मानो बापडे! आमच्या वडिलांनी बांधलेल्या जुन्या लाकडी वाड्यांत दुसरे काय होते? खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. मधली भिंत नुसती भरणीची. एखाद्या पावसाळ्यात भिंत कोसळली तरी आढे जागचे हलत नसे. सांगाडा ही मूळची सुताराची विद्या आहे, ती पुढे लोहाराने आणि त्यानंतर गवंड्याने उचलली, एवढेच. अर्थात उद्वाहकावाचून दहा मजले चढून कोण जाणार? एलिशा ओटिस याने दोर तुटला तरी खाली न कोसळणारा पाळणा न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात करून दाखविला आणि 1857 साली त्याच शहरातील एका दुकानात माणसांची ने-आण करणारी पहिली लिफ्ट बसली. तोवर वरचे मजले स्वस्त असत. पुढे तेच महाग झाले.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. नरिमन पॉइंटवर एअर इंडियाची 23 मजली इमारत 1974 च्या सुमारास उभी राहिली. तिची रचना न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी व फिलिप जॉन्सन यांच्या कचेरीची. शेजारचा 25 मजली एक्सप्रेस टॉवर्स हा भारतातच स्थायिक झालेल्या जोसेफ स्टाइन यांच्या लेखणीतून उतरला. ही सारी भूमी समुद्र हटवून मिळविलेली. बॅक बे भरावाच्या कामातील गैरव्यवहार 1920 नंतरच्या दशकात ज्यांनी चव्हाट्यावर आणले, त्या खुर्शेद नरिमन यांचेच नाव तिला मिळाले, हा इतिहासाचा एक गोड सूड म्हणावा. भरावाच्या मातीवर असा मनोरा टेकत नाही. माती आणि गाळ भेदून खाली खोल भोके पाडतात, त्यांत लोखंडी सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट ओततात आणि या खुंटांचे पाय थेट खडकात रोवतात. इमारतीचा हा भाग जन्मात कोणाच्या दृष्टीस पडत नाही; खर्चाच्या वह्यांत मात्र ठळक दिसतो.

ओझ्यापेक्षाही उंच इमारतीचा मोठा वैरी म्हणजे वारा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे घरांवरचे पत्रे आणि कौले कशी उडाली, हे आपणांस सांगावयास नको. उंची दुप्पट केली की वाऱ्याचा रेटा दुप्पट होतो, पण बुंध्याशी उलथविण्याचा जो जोर पडतो तो चौपट होतो. शिवाय वर वाऱ्याचा वेगही अधिक. या कोड्याचे उत्तर एका पूर्व बंगालच्या सुपुत्राने दिले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. 1929 साली ढाक्यास जन्मलेले फझलुर रहमान खान शिकागोस गेले आणि त्यांनी खांब आत विखुरण्याऐवजी बाहेरच्या कडेने दाटीने उभे केले. सारी इमारत एका पोकळ नळीसारखी वाऱ्याला तोंड देऊ लागली. शिकागोचा 110 मजली, 442 मीटर उंचीचा सियर्स मनोरा, ज्यास आता विलिस म्हणतात, तो त्यांनी अशा नऊ नळ्यांची जुडी बांधून उभा केला. बांबू आतून पोकळ असून वादळात का मोडत नाही, हे ज्या कोकणवासीयाने पाहिले आहे, त्यास हे गणित समजावून देण्याचे कारण नाही.

आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो, त्या गोष्टीकडे वळतो. आपल्याकडच्या उंच इमारतींचा सांगाडा पुष्कळदा लोखंडी गर्डरांचा नसून सळ्या आणि काँक्रीट यांचा असतो. आणि ओल्या काँक्रीटला स्वतःचा आकार नसतो. साचा देईल तो आकार. हा साचा, म्हणजे ज्यास आपण सेंट्रिंग म्हणतो, तो सुतार करतो. सहा इंच जाडीच्या स्लॅबचे एका ब्रासचे ओले वजन सुमारे साडेतीन टन भरते. ते सारे काही दिवस फळ्या, आडव्या बल्ल्या आणि टेकू यांवरच तोललेले असते. खांबाच्या साच्यावर तर ओले काँक्रीट पाण्यासारखे आडवे रेटते: तीन मीटर उंच खांब एका दमात भरला, तर तळाशी चौरस मीटरला सात टनांहून अधिक दाब येतो. फळीच्या सांध्यात फट राहिली की सिमेंटाचे पाणी निसटते, आणि साचा काढल्यावर खांबाच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. तुळईचा साचा मध्यभागी किंचित वर उचलून ठेवावा लागतो, म्हणजे भार आल्यावर ती सरळ बसते. पुढे टेकू काढण्याचेही शास्त्र आहे. साध्या गाळ्याचे टेकू मध्यापासून कडांकडे काढावयाचे, तर पुढे आलेल्या छज्जाचे मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. उलट केले तर छज्जा मोडून माणसांच्या डोक्यावर येतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान सात दिवस, त्याहून लांब गाळ्याचे चौदा दिवस हलवू नयेत, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. घाई मालकाला असते, ठेकेदाराला असते. पाचर मात्र सुताराच्या हातोड्याखाली असते.

आणि ओळंबा! प्रत्येक मजल्यावर खांब अर्धा सेंटिमीटर एकाच बाजूस कलला, तर पंचविसाव्या मजल्यावर तो साडेबारा सेंटिमीटर ढळलेला असेल. म्हणून खालच्या मजल्यावरून वरचा मोजावयाचा नाही. दर वेळी तळाच्या मूळ खुणेपासून मोजावयाचे. आज हे काम प्रकाशकिरणांची यंत्रे करतात, पण त्यांनी शोधावयाची रेषा आपल्या आजोबांच्या दोरीचीच आहे. काम संपले की साचा मोडतो, फळ्या दुसरीकडे जातात आणि कोनशिलेवर स्थापत्यविशारदाचे नाव लागते. सेंट्रिंग करणाऱ्याचे नाव तेथे कोरलेले आमच्या पाहण्यात नाही. थिबा राजवाड्याच्या खिडक्यांचे सागवान पाहून परका मनुष्य थबकतो; नरिमन पॉइंटच्या स्लॅबखाली कोण सुतार उभा होता, हे कोण विचारतो?

असो. एअर इंडियाची ती इमारत महाराष्ट्र शासनाने 1601 कोटी रुपयांस घेण्याचे ठरविले आणि 2024 साली केंद्राने त्यास संमती दिली. इमारतींचे मालक बदलतात. आम्हांस चिंता आहे ती बांधणाऱ्यांची. मुंबईच्या नव्या मनोऱ्यांत, विशेषतः राहत्या घरांच्या, आता लाकडी साच्याऐवजी ॲल्युमिनियमचे तयार साचे येतात. त्यांस क्रमांक घातलेले असतात. करवत, रंधा, पटाशी काहीच लागत नाही. पाचर आणि हातोडी जाणणारा कोणीही मजूर ते जोडतो, आणि तोच साचा मजल्यामागून मजला वर चढतो. पुढच्या पिढीच्या सुताराने मुंबईस जाऊन करावयाचे काय? खुर्च्या-कपाटे करील, पण तेथेही तयार मालाचा पूर आहेच.

परंतु ते क्रमांक कोणी घालावयाचे, तुळई कोठे किती उचलावयाची, टेकू किती अंतरावर लावावयाचे, हे ठरविणारा मनुष्य नाहीसा झालेला नाही. तो आता जमिनीवर उकिडवा बसत नाही, नकाशापुढे बसतो. ज्याने लहानपणी बापाच्या हाताखाली फळीचा गुण्या धरला आहे, त्या मुलास हा नकाशा इतरांपेक्षा लवकर उमगेल, असे आमचे मत आहे. आपल्या शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे जाण्यास आपल्या वाड्यांवरील मुलांना अडते ते एस.टी.च्या भाड्यावाचून आणि राहण्याच्या सोयीवाचून.

मंडळाच्या निधीतून धंद्यास लागणाऱ्या मुलास हत्यारांची पेटी देण्याची चाल आहे. ती बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. पेटी मिळालेले कित्येक गृहस्थ आज या सभेत बसले आहेत. पण निधीचा अर्धा भाग यापुढे स्थापत्याच्या पदविकेस आणि नकाशा-आरेखनाच्या शिक्षणास जाणाऱ्या मुला-मुलींसाठी राखावा, असा ठराव भोजनोत्तर सभेत आम्ही मांडणार आहोत. मुलींसाठीही, हे मुद्दाम सांगतो, कारण त्यावर वाद होणार हे ठाऊक आहे. ज्यांस तो मान्य नसेल त्यांनी सभेतच बोलावे. खर्चाचा तक्ता चिटणिसांकडे पाहावयास ठेवला आहे.