तिच्या हातचा चहा



करणीच्या आरोपातून वाचलेल्या बायांच्या पाठीशी कसं उभं राहावं, हा विषय या संमेलनासाठी वाशीमच्या मुलामुलींनी स्वतःहून निवडला, याचा मला फार आनंद आहे.

एक आठवण सांगते. आमचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर एका खेड्यात होतं. गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. शेजारचं लेकरू तापानं गेलं आणि बोल हिच्यावर आला. तेव्हापासून तिच्या ओट्यावर कुणी चढत नव्हतं. आमच्या दोन मुली जाऊन बसल्या. म्हातारीनं चाचरत विचारलं, "माह्या हातचा च्या पेता का पोरीहो?" मुली हो म्हणाल्या. तिनं कपबश्या दोनदा धुतल्या, पदरानं पुसल्या. मुली रोज जायच्या आणि समोरच्या घरातली सून दारातून बघायची. सहाव्या दिवशी ती सून कुंपणाशी आली आणि शेवग्याच्या दोन शेंगा मागून घेऊन गेली. त्या शिबिरात आम्ही भाषणं पुष्कळ दिली, पण गावाला कळलं ते त्या चहातून.

हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या रेट्याखेड्यात, 77 वर्षांच्या आजींना जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून त्यांची धिंड काढल्याची तक्रार झाली. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्दमध्ये वृद्ध बायापुरुषांना खांबाला बांधून मारलं होतं. नंदुरबारकडे सातपुड्यात 'डाकीण' म्हणून बायांचा छळ होत आला. शब्द बदलतो, पण बोट बहुतेक वेळा एकट्या, विधवा, म्हाताऱ्या बाईकडेच वळतं. कधी त्यामागे तिच्या वाट्याची जमीनही असते.

कायदा आपल्याकडे आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, मग वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावरांचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. तो दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. पण आरोपीला कोठडीत नेणारा कायदा बाईला हापशावर परत नेऊ शकत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं कोर्टातून येत नाही. ते काम माणसांनीच करायचं असतं, आणि तिथेच तुमची गरज आहे.

मी तीन कामं मागते. पहिलं, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा आणि या कायद्याची कलमं तक्रारीत लागली की नाही ते पाहा. दुसरं, आजाराचं कारण गावाला वेळेत सांगा. 2022 मध्ये जनावरांच्या लम्पी रोगानं गोठे हादरले होते. अशा वेळी लस आणि पशुवैद्य आधी पोचले, तर मांत्रिकाला बोट दाखवायला जागा उरत नाही. तिसरं काम सगळ्यांत अवघड. बातमी विरली तरी दर आठवड्याला तिच्या घरी जा, वर्षभर जा.

तिला बिचारी मात्र समजू नका. झारखंडच्या छुटनी देवींना 1995 मध्ये 'डायन' ठरवून छळलं, घरदार सोडायला लावलं. त्याच पुढे अशा कित्येक बायांचा आधार झाल्या आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उद्या तुमच्या गावातली आजीही दुसरीला धीर देईल.

आपल्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन रात्री करत. तोच क्रम आपला असू द्या. उपदेश मागाहून करू. परत गेल्यावर आधी त्या ओट्यावर जाऊन बसा आणि तिनं विचारायची वाट न बघता म्हणा, "माय, च्या ठेव."