आडवी झालेली बाग आणि पंचनाम्याचा कागद



वादळ म्हटले की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा उभा राहतो. २०२० चे ‘निसर्ग’, २०२१ चे ‘तौक्ते’ ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वादळाचे बारसे होते, त्याचा मार्ग काही दिवस आधी नकाशावर उमटतो. खानदेशातील वादळाला नाव नसते. ते वैशाख-ज्येष्ठातील एखाद्या दुपारी, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर असताना उठते आणि अर्ध्या तासात आपले काम आटोपून निघून जाते.

अमेरिकेत ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी चोवीस तासांत १३ राज्यांतून १४८ टोर्नॅडो फिरले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ च्या एकाच टोर्नॅडोने सुमारे तेराशे बळी घेतले. आपल्याकडे १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत तसाच एक येऊन गेला. तापीच्या खोऱ्यातील वादळ या जातीचे सहसा नसते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, उंच ढग बनतात, आणि त्या ढगातून पावसाबरोबर कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे धावत सुटते. तिला सोंड नसते. पण ज्याची बाग आडवी झाली, त्याला वारा गोल फिरला की सरळ धावला याच्याशी काय कर्तव्य?

२०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस रावेर, मुक्ताईनगर भागात असे वादळ झाले. रावेर तालुक्यातील एका कुटुंबाने त्यात जे सोसले आणि पुढे त्यावर जो विचार केला, तो सांगण्याजोगा आहे. नावाची गरज नाही. त्या गावात तशी घरे पुष्कळ निघतील. म्हातारे आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. अडीच एकर केळी, म्हणजे पाच-पाच फुटांवर लावलेली साडेचार हजारांच्या घरातली झाडे. मृगबाग, आदल्या जून-जुलैत लावलेली. घड भरत आलेले. बऱ्याच झाडांची कापणी तीन आठवड्यांवर.

केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे. पानांच्या देठांचे ते एकात एक गुंडाळलेले भेंडोळे असते आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. अशा पोकळ आधारावर वीस-पंचवीस किलोंचा घड लोंबत असतो. मृगबागेचा घड जेव्हा जास्तीत जास्त जड होतो, नेमक्या त्याच आठवड्यांत खानदेशात वळवाची वादळे होतात. वर्षभराची मिळकत तिजोरीत नव्हे, उघड्या वाऱ्यात उभी असते. कापसाला चार वेचण्या असतात, ज्वारीचा कडबा तरी हाती लागतो. केळीचा सारा पैसा एकाच घडात.

त्या दिवशी चार वाजता अंधारून आले. साडेचारला पश्चिमेकडच्या बांधावरून जो आवाज उठला, तो आगगाडीसारखा होता असे सून सांगते. पाच वाजता बाग नव्हती. झाडे एका दिशेला, जणू कोणी विळ्याने कापून मांडावीत तशी पडली होती. घराच्या पडवीचे पत्रे उडाले. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची रीत आहे. ते दगड आत पडले. नातू नशिबाने आजीजवळ आतल्या खोलीत होता. आतली खोली धाब्याची, मातीच्या जाड छताची. ते पावसाळ्यात गळते म्हणून पाडून तिथेही पत्रे टाकायचे, असे गेली दोन वर्षे घरात ठरत होते. आजी ते पाडू देत नव्हती. त्या रात्रीनंतर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. पडलेल्या घडांपैकी जे भरले होते ते चोवीस तासांत कापून विकले तर काही हाती लागते. पण गावोगाव एकाच वेळी माल पडलेला. व्यापारी देईल तो भाव. शिवाय बाग उचलली तर पंचनामा कशाचा करायचा? तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत बाग पडलेली दिसली पाहिजे. तिकडे जूनची लागवड तोंडावर, आणि कुजणारी खोडे बाहेर काढायला मजुरीचा खर्च वेगळा. मुलाचे म्हणणे, कागद होईस्तोवर थांबू. आजोबांचे म्हणणे, “कागदाची वाट पाहत बसलास तर पुढच्या सालाची बागही गेली समज.” अखेर अर्धी बाग उचलली, अर्धी पुराव्यासाठी ठेवली. दोन्हीकडून नुकसान झाले. याला कुटुंबाचा चुकीचा निर्णय म्हणणे अन्यायाचे होईल. नियमच असा आहे की शहाण्याने वागावे तरी तोटा, न वागावे तरी तोटा.

फळपीक विम्यात शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या साधारण पाच टक्के असतो, उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. ही योजना वाईट नव्हे. परंतु तापमानाची मोजणी महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर होते, आणि वादळ मंडळाची हद्द पाहून येत नाही. ते एक शिवार झोपवते आणि शेजारचे सोडून देते. सरकारी मदतीची कथा आणखी निराळी. केंद्राने २०१५ साली लागू केलेल्या निकषांच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. वळवाच्या वादळी वाऱ्याला स्वतंत्र स्थान नाही. ‘स्थानिक आपत्ती’ म्हणून निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत खर्च करण्याची मुभा राज्याला ठेवली, एवढेच. अर्थात समुद्रावरून आलेला वारा राष्ट्राचा आणि तापीवरचा वारा स्थानिक! त्यातही नुकसान ३३ टक्क्यांपर्यंत पोचले पाहिजे आणि मदत दोन हेक्टरांपुरती.

या हिशेबातून एक वर्ग तर पूर्णपणे निसटतो. सातबारा ज्याच्या नावावर, पंचनामा त्याचा. बटाईने किंवा खंडाने करणाऱ्याची बाग पडली तर मदत जमीनमालकाच्या खात्यात जाते. आणि कापणीच्या टोळीतला मजूर? घड खांद्यावरून रस्त्यापर्यंत वाहणारा, फण्या धुणारी, गाडी भरणारा? त्यांचा पुढल्या तीन आठवड्यांचा रोजगार त्याच अर्ध्या तासात आडवा झाला. त्याचा पंचनामा कोणत्याही कागदावर होत नाही. या कुटुंबाच्या बागेत सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी आठ माणसे कापणीला असत. ती त्या साली धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे काम शोधत गेली. शिरपूरच्या तापीकाठीही केळी आहे आणि तिथला वारा काही निराळा नाही, हे सुनेने सांगितले. तिचे माहेर तिकडचे.

रावेरपासून फैजपूर दूर नाही. डिसेंबर १९३६ मध्ये तेथे, खेड्यातले पहिले, काँग्रेस अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तेथे संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा व खंड कमी करण्याबरोबर शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, हेही कलम होते. केळीच्या पट्ट्यातच मांडलेला तो विचार केळीच्याच पट्ट्यात अपुरा राहिला आहे. आपत्तीनंतर मजुराच्या बुडालेल्या दिवसांची नोंद ग्रामपंचायतीने करावी, खंडकऱ्याची नोंद पीकपाहणीत प्रामाणिकपणे व्हावी, पडलेल्या बागेची छायाचित्रे हाच पुरावा मानून ती उचलण्यास त्याच दिवशी परवानगी असावी, या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. तिजोरीवरही त्यांचा मोठा भार पडणार नाही. अडचण आहे ती जमीनदारीच्या जुन्या लाजेची: खंडकऱ्याचे नाव कागदावर आले की मालकाला झोप येत नाही.

कुटुंबात मात्र एकमत झालेले नाही. मुलाला अर्ध्या रानात हळद लावायची आहे. बुटकी बसराई वाऱ्याला जरा तरी टिके, उंच वाणाच्या मागे लागून आपण वाऱ्याला आमंत्रण दिले, असे आजोबा म्हणतात. सून विचारते, बसराईला बुऱ्हाणपूरच्या बाजारात भाव कोण देणार? तिघांचेही खरे आहे. तूर्त त्यांनी पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बांधावर शेवरीची दाट रांग लावली आहे. शेजाऱ्याची तक्रार अशी, की तिची सावली त्याच्या पिकावर पडते. दोन बैठका झाल्या. शेवरी अजून उभी आहे.