इन्स्पेक्टरसाहेब येतात केव्हा?

(अंबरनाथ येथे कामगार व आसपासच्या गावांतील शेतकरी मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपण येथे जमलो ते कोणाची स्तुती करावयास नव्हे, आणि कोणास चार शिव्या देऊन मोकळे होण्यासही नव्हे. एक साधा प्रश्न आम्ही आपणापुढे ठेवणार आहोत. कारखान्यात माणसाचा जीव सुरक्षित राहावा म्हणून सरकारने एक खाते ठेविले आहे. त्या खात्याचा साहेब आपल्यापैकी किती जणांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे? स्फोट झाल्यावर पाहिला, असे सांगू नका. स्फोट झाल्यावर सगळेच येतात. आग विझविणारे येतात, पुढारी येतात, फोटो काढणारे येतात. आम्ही विचारतो ते स्फोटाच्या आधीचे.

ह्या खात्याचे नाव मोठे आहे : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. जुनी माणसे त्याच्या साहेबास फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणत. आम्हीही तेच म्हणू, कारण ते तोंडात बसते. आपला हा सारा टापू, म्हणजे अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर आणि शेजारची डोंबिवली, कल्याणच्या कचेरीकडे लागतो.

शेतकरी मंडळींस राखण म्हणजे काय हे शिकवावयास नको. कणीस दाण्यावर आले की आपण माळा बांधतो, हातात गोफण घेतो आणि पाखरे उतरण्यापूर्वी वर जाऊन बसतो. पाखरांनी कणसे फस्त केल्यावर जो माळ्यावर चढतो व किती दाणे गेले ते वहीत लिहितो, त्यास आपण राखणदार म्हणू काय?

हा राखणदार सरकारने आपल्या मनाने नेमला असे कोणी समजू नये. तो मागून घ्यावा लागला. विलायतेत १८३३ साली सगळ्या देशाकरिता अवघे चार इन्स्पेक्टर नेमले गेले. आपल्याकडे १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, आणि तो कामगारांच्या कामाचा नाही हे उघड बोलून दाखविणारा एक गृहस्थ म्हणजे 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक समाजाचा हा माणूस मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होता. गिरणी त्याने आतून पाहिली होती. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेविला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, ह्या मागण्या आपण ऐकल्या असतील. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मिळालीही. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. काम करताना जो जायबंदी होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. ह्या मागणीच्या नुसत्या नुकसानभरपाईच्या भागाला कायद्याचे रूप यावयास १९२३ साल उजाडले. म्हणजे एकोणचाळीस वर्षे. तोवर किती हात गेले ते कोण मोजणार?

आता एक आकडा ध्यानात ठेवा. १८८१ चा कायदा शंभर माणसांच्या कारखान्यास लागे. १८९१ साली ती संख्या पन्नासावर आली. १९२२ साली वीसावर. १९४८ साली जो मोठा फॅक्टरी कायदा झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून चालू झाला, त्याने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याकरिता ती दहावर आणिली. शंभर, पन्नास, वीस, दहा. सदुसष्ट वर्षे हा आकडा खाली उतरत गेला, आणि जसजसा तो उतरला तसतशी अधिकाधिक लहान शेडमधील माणसे इन्स्पेक्टरच्या नजरेखाली आली. राज्य गोऱ्यांचे होते तेव्हाही तो खालीच उतरला. २०२० साली नवी संहिता झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली; तिच्यात कारखाना म्हणावयास पुन्हा वीस माणसे लागतात, आणि वीज नसेल तर चाळीस. दहा माणसांच्या जागेस संहितेची काही सर्वसाधारण कलमे लागतात, धोक्याच्या धंद्याकरिता सरकार संख्या बाजूस ठेवू शकते, हे आम्हांस ठाऊक आहे. पण कारखान्याकरिता म्हणून जो खास बंदोबस्त असतो तो वीसांपासून. १९२२ साली जेथे होतो तेथे आपण १९२२ नंतर शंभर वर्षांनी येऊन बसलो.

उल्हासनगरच्या गल्ल्यांतून हिंडलेल्या माणसास ह्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. एका खोलीत आठ जण जीन्स शिवतात, शेजारच्या पत्र्याखाली बारा जण, आणि मालक कित्येकदा एकच. हजेरीपटावर नावे किती आणि आत माणसे किती, ह्याचा मेळ घालावयास तेथे कोण जातो?

आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या गावचा एक तरुण पोरगा पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर कामास होता. घरची शेती गेलेली, बाप थकलेला. प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी होती. नव्हती असे नाही. पण जाळी लाविली की माल कमी निघतो, म्हणून ती सोडून भिंतीस टेकवून ठेविली होती. साहेब येणार अशी कुणकुण लागली की दोन बोल्ट आवळावयाचे, साहेब गेला की सैल करावयाचे. एका रात्रपाळीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालक दयाळू. आपल्या गाडीतून त्यास खाजगी डॉक्टरकडे नेले, बिल भरले, हातावर काही रुपये ठेविले आणि कागदावर 'घरी पडला' असे लिहून घेतले. पोराचे नाव हजेरीपटावर नव्हतेच. तो ठेकेदाराचा माणूस. तेव्हा सरकारी दप्तरात तो अपघात झालाच नाही. अपघाताची खबर इन्स्पेक्टरला द्यावयाची ती मालकाने, असा कायदा आहे; आणि त्या खबरीच्या बेरजेवरून सरकार सांगते की अपघात इतके झाले. चोराने पंचनामा लिहावा तसलाच हा प्रकार नव्हे काय? त्या पोराची आई आम्हांस म्हणाली, "दादा, बोटं गेली ती गेली, पण ती गेली हे तरी कुठं लिहून ठेवा की." आज आम्ही येथे उभे आहोत ते बरेचसे त्या बाईच्या बोलण्यामुळे.

लहान शेडचे हे असे. मोठ्यांचे तरी बरे आहे काय? २३ सप्टेंबर २०२३ रोजी उल्हासनगरला लागून शहाडच्या रेयॉन कारखान्यात कार्बन डायसल्फाइड भरावयास आलेला टँकर फुटला व कामगार ठार झाले. १८ जानेवारी २०२४ रोजी बदलापूरच्या खरवई औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन एक कामगार गेला, काही भाजले. शेजारी डोंबिवलीत २६ मे २०१६ च्या स्फोटात बारा माणसे गेली आणि दोनशेंवर जखमी झाली. चौकशीची समिती बसली, अहवाल झाला. मग २३ मे २०२४ रोजी त्याच डोंबिवलीत दुसरा स्फोट होऊन दहांहून अधिक माणसे गेली. दोन स्फोटांत तीन दिवस कमी आठ वर्षांचे अंतर. तेवढ्या अवधीत पहिल्या अहवालाने काय केले, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

दुसऱ्या स्फोटानंतर एक मौज झाली. माणसे मेली तेथे मौज हा शब्द लिहवत नाही, पण दुसरा सापडत नाही. फुटला तो बॉयलर की रिॲक्टर, ह्यावर चर्चा सुरू झाली. कारण बॉयलर असेल तर बाष्पकांचे खाते निराळे, रिॲक्टर असेल तर इन्स्पेक्टरचे. धूर नाल्यात उतरला तर प्रदूषण मंडळ, जमीन व रस्ता औद्योगिक महामंडळाचा, आग लागली तर अग्निशमन. पाच जण राखणीस, आणि प्रत्येकाचा वाफा निराळा. मधल्या बांधावरून जनावर शिरले तर ते कोणाच्या वाफ्यातून आले ह्यावरच दुपार जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वडोलगावाजवळ वालधुनीत रसायन ओतले गेले आणि शेकडो लोकांना उलट्या व श्वासाचा त्रास होऊन दवाखाने भरले, तेव्हा इन्स्पेक्टरचा अधिकार कारखान्याच्या फाटकापाशी संपला होता. हीच वालधुनी वर अंबरनाथाच्या शिवालयाला वळसा घालून येते. १०६० सालचे ते देऊळ अजून उभे आहे. नदीचे काय झाले ते आपण नाकाने जाणता.

भोपाळात १९८४ च्या डिसेंबरात जे झाले, त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात सुधारणा झाली. तिच्यात एक फार चांगले कलम आले : धोक्याचा माल करणाऱ्या मालकाने आत काय आहे, ते सुटले तर काय करावे, हे कामगारांस तर सांगावेच, पण आसपास राहणाऱ्या लोकांसही सांगावे. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरात वायू सुटला, लोकांचे डोळे चुरचुरले, छाती भरून आली. त्या रात्री वायू कोणता, तोंडावर ओले फडके धरावे की पळावे, वाऱ्याच्या कोणत्या अंगास जावे, हे किती घरांस ठाऊक होते? येथे बसलेल्या मंडळींपैकी ज्यांच्या दारी असा कागद कधी आला असेल त्यांनी हात वर करावा.

(सभेत एकही हात वर झाला नाही.)

आता इन्स्पेक्टरच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाही तर आम्ही खोटे ठरू. त्यांत मन लावून काम करणारे आहेत. फिरत्या पट्ट्यांस आणि दात्यांच्या चाकांस आज जेथे जेथे झाकण दिसते, तेथे बहुधा मागे कोणा इन्स्पेक्टरची नोटीस आहे. शिवाय खाते नुसते स्फोट पाहावयास नाही. हवा, उजेड, आवाज, रसायनाने होणारे रोग, सारे त्याच्याच गळ्यात. आणि काही साहेब पाकीट घेऊन परत जात हेही लपलेले नाही. त्यावर तोड म्हणून कोणता कारखाना तपासावा हे संगणकाने चिठ्ठी काढून ठरवावे अशी रीत २०१४ पासून सुरू झाली. पाकीट बंद होत असेल तर आम्ही तिला नावे ठेवीत नाही. पण चिठ्ठी निघेपर्यंत भिंतीस टेकलेली जाळी भिंतीसच राहते. नव्या संहितेने तर निरीक्षक ह्या नावास 'सुविधाकर्ता' असे शेपूट जोडले आहे. सल्ला द्यावा, कोण नको म्हणतो? तरी राखणदाराने पाखरांस सुविधा कोणती द्यावयाची हे आम्हांस उमगत नाही.

त्या संहितेत एक गोष्ट बरी आहे, तीही सांगतो. मालकाच्या कसुरीने माणूस मेला तर दोन वर्षेपर्यंत कैद किंवा कमीत कमी पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निदान अर्धा भाग मयताच्या वारसांस द्यावा असे कोर्ट म्हणू शकते. जुन्या कायद्यात अशा मृत्यूकरिता दंडाची खालची मर्यादा पंचवीस हजार होती. म्हणजे एक बरी म्हैसही येत नाही. मात्र हा खटला उभा राहावयाचा तो अपघात दप्तरात चढला तर. 'घरी पडला' असे लिहिलेल्या माणसाकरिता कोणतेही कोर्ट उघडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की दप्तर मालकाच्या एकट्याच्या हाती राहू देऊ नये. कारखाने-तपासणीचा जो आंतरराष्ट्रीय करार १९४७ साली झाला आणि हिंदुस्थानने १९४९ साली मान्य केला, त्यात इन्स्पेक्टरने आगाऊ न कळविता, रात्री-अपरात्रीही, कारखान्यात शिरावे, आणि तक्रार कोणी केली हे मालकास सांगू नये, असे लिहिले आहे. तो करार कोणी फाडलेला नाही. तेव्हा जाळी काढलेली दिसली, बोट गेले, वायूचा वास आला, तर साध्या कागदावर मराठीत तारीख, वेळ, जागा व यंत्र लिहून कल्याणच्या कचेरीत द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. जखमी माणूस विमायोजनेत असेल तर त्यास आधी सरकारी विम्याच्या दवाखान्यात न्यावे, आणि अपघात कामावर झाला हे तेथल्या कागदावर चढलेले पाहिल्यावाचून घरी आणू नये.

आणखी एक कागद आहे. दहा रुपयांचा माहितीचा अर्ज. महाराष्ट्रात तो एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात आम्ही असे विचारणार आहोत की, खरवई, मानिवली व मोरिवली येथील धोक्याच्या कारखान्यांची शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली, काय उणे सापडले आणि ते भरून निघाले की नाही. अर्ज लिहून तयार आहे. एकशेअकरा शब्द झाले. सोमवारी तो कल्याणास न्यावयाचा आहे. सकाळची आठ वाजताची गाडी धरू. ज्यांस बरोबर यावयाचे असेल त्यांनी बदलापूर फलाटावर पुलाखाली भेटावे, आणि त्या पोराची आईही आमच्याबरोबर येणार आहे.