थोर तालीम कशावरून ओळखायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे आबा संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले. त्यांचा नातू पंधरा वर्षांचा. अंगानं भरलेला, जत्रेतल्या दोन-तीन कुस्त्या मारलेला. आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, तुम्ही माती खाल्लेली माणसं. पोराला कोणत्या तालमीत घालू? थोर तालीम कुठली, सांगा."

प्रश्न साधा वाटला, पण मला लगेच उत्तर देता येईना. आबांची जमीन दीड एकर. पोराचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. त्यासाठी डेअरीला जाणारं दूध बंद करावं लागणार होतं. तालीम चुकली तर पोराची चार वर्षंही जाणार आणि म्हशीचं दूधही. म्हणून म्हटलं, "आबा, आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांत जो विचार केला, तोच आज आपल्यापुढे मांडतो.

आपण तालमीत गेलो की पहिली नजर जाते भिंतीवर. फेटा बांधलेले, खांद्यावर गदा घेतलेले मल्ल तिथं ओळीनं टांगलेले असतात. सातारा-सांगलीला अशा फोटोंची वाण नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, कवठेपिरानचे मारुती माने, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. १९६१ साली पहिले महाराष्ट्र केसरी झाले ते दिनकर दह्यारी, तेही सांगलीचेच. आंदळकर १९६० साली आणि माने १९६४ साली हिंदकेसरी झाले, आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतून दोघांनीही सुवर्ण आणि रौप्य अशी दोन-दोन पदकं आणली. मग फोटो मोजावेत, ज्या भिंतीवर जास्त ती तालीम थोर, असं म्हणून मोकळं व्हावं काय?

असाच वाद तिकडे अमेरिकेत घरोघरी चालतो. तिथं कॉलेजांचे फुटबॉल संघ असतात. हा फुटबॉल आपल्यासारखा पायानं खेळायचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन मुसंडी मारायचा. कोणत्या कॉलेजाचा संघ इतिहासात थोर, यावर तिथं बाप-लेक भांडतात. येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या नावावर एकोणिसाव्या शतकातली विजेतेपदं ढिगानं आहेत, पण आज थोर संघांची यादी करताना त्यांची नावं कुणी पहिल्यांदा घेत नाही. उलट अलाबामा विद्यापीठ पाहा. बेअर ब्रायंट या प्रशिक्षकानं १९५८ ते १९८२ या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. २००७ ते २०२३ या काळात निक सेबन यांनी आणखी सहा दिली. मधल्या चोवीस वर्षांत मिळालं फक्त एक, १९९२ चं. तरीही अलाबामाला थोर म्हणायचं कुणी सोडलं नाही. म्हणजे नुसती बेरीज पुरत नाही. पडता काळ आला तरी घर उभं राहतं का आणि पुन्हा माणूस घडवतं का, हे पाहावं लागतं.

आपल्याकडेही हेच दिसतं. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. पण २००० साली विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले, त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्याला ती गदा मिळाली थेट एप्रिल २०२२ मध्ये, आणि तीही आमच्या साताऱ्याच्या मैदानात, पृथ्वीराज पाटलांच्या हातून. मधली दोन दशकं गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी ओस पडल्या नाहीत. पहाटे चारला जोर-बैठकांचा आवाज येतच राहिला. सातारा, सांगली, सोलापूरची पोरं वळकटी घेऊन तिथं उतरतच राहिली. गदा नसताना पोरं का येतात? याचं उत्तर सापडलं की थोरपणाचं उत्तर सापडतं.

माझ्या मते पहिलं कारण म्हणजे वस्ताद, आणि वस्तादातून घडणारा वस्ताद. आंदळकरांनी लंगोट उतरवल्यावर मोतीबागेत पोरं घडवली. त्यांचे पठ्ठे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य आणलं. आणि आत्ता सांगितलेले विनोद हे दादूंचेच चिरंजीव. दुसरी साखळी बघा. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापुरात गंगावेशीच्या मातीत घडले, १९७० मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले, पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली काका पवार तयार झाले. काका पवारांच्या हाताखाली राहुल आवारे घडले, आणि त्यांनी २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत समोरासमोर आलेले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. कुस्ती संपली तेव्हा जिंकलेल्या सदगीरनं हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. ते दृश्य आपण पाहिलं असेल.

दुसरं कारण म्हणजे जोड. कुस्ती एकट्यानं शिकता येत नाही. ढाक, घिस्सा, एकेरी पट हे डाव वस्ताद तोंडानं सांगेल, पण अंगात उतरतात ते रोज संध्याकाळी आपल्यापेक्षा सव्वाई पोराशी झोंबल्यावर. ज्या तालमीत एकच वाघ आणि बाकी शेळ्या, तिथं वाघाचीही शेळी होते.

तिसरं कारण म्हणजे राजाश्रय, मग तो राजाचा असो की लोकांचा. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना पोसलं, तालमी उभ्या केल्या, १९१२ साली खासबाग मैदान खुलं केलं. संस्थानं गेली तशी ही जबाबदारी गावानं घेतली. कुंडलच्या मैदानाला माणूस भाकरी बांधून जातो, हलगी कडाडते, आणि निकाली कुस्ती झाली की कुणीतरी अनोळखी म्हातारा पोराच्या हातात नोट ठेवतो. खाशाबांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं होतं. पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगाव वर्गणी निघाली. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक या पैशातून आलं आहे.

चौथं कारण आपल्याला थोडं झोंबणारं आहे. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मातीत वाढलेले होते. मॅटचा सराव नव्हता, नियम वेगळे होते. तरी सहावे आले. ते मातीला कवटाळून बसले नाहीत. मॅट समजून घेतली, चपळाईनं मारायचे डाव घोटले आणि चार वर्षांनी कांस्यपदक घेऊन आले. महाराष्ट्राला त्यानंतरचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ साल उजाडलं, बहात्तर वर्षं. तेही कुस्तीत नव्हे, नेमबाजीत, स्वप्नील कुसाळेमुळे. जत्रेच्या इनामावर पोट भरतं, म्हणून आम्ही मातीत रमलो. मातीवर माझी माया आहे. पण जी तालीम पोराला मॅट देत नाही, ती त्याला निम्मंच शिकवते. तसंच दाराचं. मुलींसाठी जुन्या तालमींची दारं बंद होती. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. दार आधी उघडलं असतं तर आणखी किती जणी दिसल्या असत्या!

आता शेवटचं, जे भिंतीवर दिसत नाही. मीही सोळाव्या वर्षी वळकटी घेऊन एका तालमीत गेलो होतो. तिचं नाव फार कुणाला माहीत नाही. तिसऱ्या वर्षी एका कुस्तीत गुडघा गेला. डॉक्टरांनी मान हलवली. मी कोपऱ्यात तोंड झाकून पडलो होतो. वडिलांना काय सांगू, त्यांनी बैल विकून पाठवलं होतं. वस्ताद आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "कुस्ती गेली म्हणून तू तालमीतनं गेला नाहीस." दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते शाळेत गेले, मॅट्रिकचा फॉर्म स्वतः भरून घेतला. परीक्षा होईपर्यंत माझ्या वाटणीचं दूध एक दिवसही थांबलं नाही. पुढे मी शिक्षक झालो. त्या तालमीच्या भिंतीवर माझा फोटो नाही, असायचं कारणही नाही.

शंभर पोरं तालमीत जातात तेव्हा गदा एखाद्याच्याच खांद्यावर येते. उरलेल्या नव्याण्णवांचं काय होतं, यावर तालमीची खरी कीर्ती उभी असते. ते नव्याण्णव गावी परत जाऊन आपली पोरं, पुतणे त्याच दारात आणून सोडतात. गदा नसलेल्या वर्षांतही पोरं येत राहतात ती यामुळं.

आठ दिवसांनी आबा आले. मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, "आबा, न सांगता पहाटे जा. वस्ताद स्वतः हौद्यावर उभा आहे का, बघा. मॅट अंथरलेली आहे की गुंडाळून ठेवलेली आहे, बघा. पोरं दिवसा शाळेत जातात का, विचारा. आणि कुणाचा हात-पाय दुखावलेला असेल तर तो कुठं बसलाय आणि त्याला कोण विचारतंय, तेवढं नीट बघून या."

आबा तीन तालमी हिंडून आले. त्यातली एक त्यांनी ठरवली आहे. दिवाळी झाली की नातू जाईल. तालमीचं नाव मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला ऐकून माहीत नसंल गुरुजी. भिंतीवर दोनच फोटो हायती."

डेअरीचं दूध त्यांनी कालपासून बंद केलं.