किल्लीमागचा छोटासा भाग



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. गटाच्या पेटीची एक किल्ली ज्यांच्याकडे असते त्या वहिनी आल्याच नाहीत. आम्ही वाट पाहत बसलो. अर्ध्या तासाने आल्या, तर कोपर सोललेलं, साडीला माती. स्कूटरवरून येताना उतारावर गाडी एकदम बंद पडली. मागे उसाचा ट्रॅक्टर होता. घाईने कडेला घ्यायला गेल्या आणि खडीवरून घसरल्या. नशीब, कोपरावरच निभावलं.

मी विचारलं, "वहिनी, आधी कधी असं झालं होतं का?"

त्या म्हणाल्या, "चार-पाच वेळा झालंय. किल्ली जरा हलवली की परत चालू होते. घरी सांगितलं तर हे म्हणाले, तुलाच चालवता येत नाही. गॅरेजला नेली तर कार्बोरेटर साफ करून दिला."

हे ऐकून मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवली. आज तीच सांगणार आहे, कारण तिची सुरुवात अगदी अशीच आहे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २९ वर्षांची एक नर्स होती. तिच्याकडे शेवरोले कंपनीची कोबाल्ट नावाची मोटार होती. चालता चालता ती मोटार एकदा बंद पडली. तिने वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, दुरुस्तीला दे. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये पेट्रोलची यंत्रणा साफ केली आणि गाडी परत दिली. दुसऱ्याच दिवशी, २०१० च्या मार्च महिन्यात, पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर तिची गाडी दुसऱ्या गाडीला धडकली आणि ती गेली. ओल्या रस्त्यावर ताबा सुटला असेल, असंच सगळ्यांना वाटलं.

आईवडिलांना मात्र ते पटलं नाही. गाडी बंद पडते असं लेकीने सांगितलं होतं, आणि ते त्यांनी सोडून दिलं नाही. त्यांनी वकील गाठला. अशा मोटारींत शेवटच्या काही क्षणांची नोंद ठेवणारं यंत्र असतं. ते तपासलं, तर धडकेच्या आधीच किल्ली 'चालू'वरून मागे सरकलेली होती.

आता किल्लीमागे काय असतं ते बघू. आपण किल्ली फिरवतो तेव्हा पुढे कुलूप फिरतं. त्या कुलपामागे एक छोटा विजेचा स्विच असतो. बॅटरीची वीज इंजिनाला द्यायची की तोडायची, हे तो ठरवतो. मोटारीत त्याच्या जागा ठरलेल्या असतात: बंद, मधली, चालू आणि स्टार्टरची. मधल्या जागेवर इंजिन चालत नाही, फक्त रेडिओसारख्या वस्तू चालतात. किल्ली आपल्या जागेवर राहावी म्हणून आत स्प्रिंग लावलेली बारीकशी खुंटी असते. ती खाचेत बसते. त्या गाडीतली स्प्रिंग कमजोर होती. खड्डा आला, गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा लटकत असला, तरी किल्ली मधल्या जागेवर घसरायची. इंजिन बंद. स्टिअरिंग जड. ब्रेकला मिळणारी मदत संपायला लागते. आणि धडक झालीच, तर जीव वाचवणारी हवेची पिशवीसुद्धा उघडत नाही.

आईवडिलांच्या बाजूच्या इंजिनिअरने मग एक साधं काम केलं. त्याने बाजारातून नवा स्विच आणला आणि मुलीच्या गाडीतल्या जुन्या स्विचशेजारी ठेवला. दोन्हींवर नंबर एकच. पण उघडून पाहिलं, तर नव्याची खुंटी लांब आणि स्प्रिंग घट्ट. म्हणजे जनरल मोटर्स या मूळ कंपनीत तो भाग सुधारला गेला होता, पण नंबर बदलला नव्हता. त्यामुळे जुन्या स्विचच्या गाड्या चालवणाऱ्यांना काहीच कळलं नाही.

पुढे २०१४ च्या फेब्रुवारीत कंपनीने गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. आकडा सुमारे २६ लाखांवर गेला. त्यात सॉल्स्टिस आणि स्काय नावाच्या, दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स मोटारीही होत्या. हौसेने घेतलेल्या महागड्या गाडीत आणि नर्सच्या साध्या गाडीत तोच स्विच! नवा स्विच फुकट बसवून दिला गेला. तो बसेपर्यंत कंपनीने गाडीवाल्यांना एकच सांगितलं: किल्लीला दुसरं काहीही अडकवू नका. त्या वर्षी जानेवारीत मेरी बारा या बाई कंपनीच्या प्रमुख झाल्या होत्या. अमेरिकेच्या संसदेपुढे उत्तरं द्यायला त्यांना उभं राहावं लागलं. भरपाईच्या निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने सरकारला ९० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

त्या गाड्या आपल्याकडे विकल्या जात नव्हत्या. पण कुलपामागचा स्विच आपल्याही स्कूटरला, जीपला, टेम्पोला असतो. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, दोष कुठला ते ओळखा. पेट्रोलची अडचण असली तर इंजिन आचके देतं, पण हॉर्न आणि इंडिकेटर चालू राहतात. गाडी झटक्यात बंद झाली आणि त्याच क्षणी हॉर्न, इंडिकेटरही गेले, तर किल्लीच्या स्विचवर संशय घ्या. बॅटरीची सैल तार किंवा फ्यूजही असू शकतो, तेही बघायला सांगा. हँडल वळवल्यावर किंवा किल्ली हलवल्यावर फरक पडत असेल, तर स्विच किंवा त्याच्या तारा हमखास तपासून घ्या.

दुसरी गोष्ट, चालत्या गाडीत असं झालं तर घाबरून किल्लीशी खेळत बसू नका. हँडल सरळ आणि घट्ट धरा, ब्रेक दाबा, कडेला घ्या. मोटारीत ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू नका, एकदाच जोर लावून दाबून ठेवा. गाडी थांबेपर्यंत किल्ली 'लॉक'कडे फिरवायची नाही, नाहीतर हँडलच अडकेल.

तिसरी गोष्ट, स्विच बदलायचा तर नीट बदला. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. मग पुढचं कव्हर, मग तारांचा जोड. नवा स्विच आपल्याच मॉडेलचा असावा, तारांचे रंग आणि जोड जुळले पाहिजेत. कुलपासकट आला तर किल्लीही नवी येते, मग डिकीची जुनी किल्ली वेगळी सांभाळावी लागते. बसवल्यावर गॅरेजमध्येच हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि किल्ली हलवून बघा. जुना स्विच आणि बिल मागून घ्या.

कुणी म्हणेल, "ताई, स्विच कशाला, डायरेक्ट करून देतो." ते करू नका. मग किल्ली काढली तरी वीज तुटत नाही. गाडी पडली, पेट्रोल सांडलं, तार तापली, तर बंद कशाने करणार? आणि चोराला किल्लीची गरजच उरत नाही.

चौथी गोष्ट आपल्या जुडग्याची. आपण बायका स्कूटर, कपाट, कणगी, डेअरी, सगळ्याच्या किल्ल्या एकाच कडीत घालतो, वर देवीचं पितळी पदक. ते ओझं दिवसभर कुलपाला ओढत असतं. गाडीची किल्ली एकटी ठेवा.

पाचवी गोष्ट, लिहून ठेवा. तारीख, जागा, काय झालं, गॅरेजने काय केलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने, सदोष गाड्या परत मागवायला कंपनीला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. पण तक्रारी पोचल्याच नाहीत, तर सरकारला कळणार कसं? ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं.

आमच्या वहिनींची गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. कव्हर काढलं, तर स्विचमधली पत्री झिजून काळी पडलेली. नवा स्विच बसला. त्यांनी जुना कागदात गुंडाळून घरी नेला आणि जेवताना ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. ह्यांनी तो बराच वेळ हातात फिरवून पाहिला. म्हणाले, "मी आधी ऐकायला हवं होतं."

पुढच्या बैठकीला आम्ही सगळ्या जुडगे घेऊन बसणार आहोत, गाडीची किल्ली वेगळी करायला. तुम्हीही तुमच्या गटात एवढं कराच.