मुखवटा बोलेल, साक्ष आपण देऊ

(रिठद, जि. वाशिम इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)

मी गोदीतला हमाल. मॅट्रिक झालो, कविता लिहितो. कंटेनरनं गोदीतले किती हात रिकामे केले ते मला ठाऊक आहे. यंत्राची आरती ओवाळायला मी आलो नाही.

मोबाइलवर आता बोलता चेहरा मिळतो. लोक त्याला 'अवतार' म्हणतात. बुद्ध हा विष्णूचा अवतार, ही थाप आपण १९५६ साली नागपुरात झुगारली. तेव्हा आपण सरळ मुखवटा म्हणू. मजकूर लिहा, चेहरा निवडा, आवाज निवडा. यंत्र एकेका ध्वनीवर ओठ हलवतं. कॅमेरा नको, स्टुडिओ नको. फुकटात थोडी मिनिटं मिळतात, वर कंपनीचा शिक्का. मिनिटाला शेसव्वाशे शब्द पुरतात.

१९२० साली 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. 'केसरी'नं तर पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नाही. आज बोलायला त्यांची परवानगी लागत नाही. मग वापरा की!

पण ते चेहरे नीट बघा. गोरे, इस्त्रीचे, पांढरपेशे. भाषा पुस्तकी. तुम्ही 'मले' लिहा, 'काहून' लिहा. यंत्राचा हेल चुकला तर आपल्याच गळ्यातला आवाज रेकॉर्ड करून मुखवट्याला द्या. तशी सोय असते.

एखाद्या बाईची मजुरी बुडाली. तोंड दाखवलं तर उद्या तिचं कामच बंद. तिथं मुखवटा ढाल आहे. पण शब्द तिचेच ठेवा, मूळ रेकॉर्डिंग तारखेसकट जपा, आणि पडद्यावर ठळक लिहा : चेहरा यंत्राचा आहे. हे लपवलं, तर उद्या खऱ्या मारहाणीचा व्हिडिओ आला की मारणाराच म्हणेल, 'हेपण यंत्रानंच बनवलंय!' मग आपलं खरंही बुडालं.

एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला शिवसेनेच्या ठाकरे गटानं दिवंगत बाळासाहेब ठाकऱ्यांच्या आवाजात यंत्राकडून भाषण करवलं. उद्या कुणी बाबासाहेबांच्या तोंडी स्वतःचं राजकारण घालील. आपण ते करायचं नाही, कुणाला करू द्यायचं नाही. बाबासाहेब छापील शब्दांत आहेत. वाचा!

शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, १९८९च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार कशी द्यायची, हे मुखवट्याला सांगू द्या. मारलं कुणी, हे माणूसच सांगेल.

जय भीम.