भिलाईची भट्टी आणि कर्बाचा हिशेब



रुआबांध्यातील कित्येक घरांची घड्याळे कारखान्याच्या पाळ्यांवर चालत आली आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली ‘ब्लास्ट फर्नेस’, अर्थात झोतभट्टी, सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खनिजापासून येथे घडलेल्या रुळांवरून देश धावू लागला. त्या गौरवाला आज एका कठीण प्रश्नाची जोड मिळाली आहे.

झोतभट्टीत कोक केवळ उष्णता देत नाही. तो खनिजातील प्राणवायू ओढून घेतो. त्यातून लोह मुक्त होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणूनच छतावर सौरपट्ट्या बसवून हा प्रश्न सुटत नाही. भारतात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो.

२०७० पर्यंत ‘नेट झिरो’ साधण्याचा संकल्प भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केला. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने ‘हरित पोलादा’ची व्याख्या केली : टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच हे नाव आणि तारांकन, १.६ टनांहून कमी असल्यास पाच तारे. २०२३ च्या कार्बन क्रेडिट योजनेनुसार लक्ष्याहून कमी उत्सर्जन करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळतील, मागे पडणाऱ्यास ती विकत घ्यावी लागतील. भंगाराचा अधिक वापर आणि कोकऐवजी हायड्रोजन हे पुढचे मार्ग आहेत. हायड्रोजन प्राणवायू ओढतो तेव्हा धुराऐवजी पाण्याची वाफ उरते. मात्र तो आज महाग आहे.

२०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली भिलाईची ‘महामाया’ ही आठवी झोतभट्टी अजून तरुण आहे. अशा भट्ट्या दशकानुदशके चालतात. त्यामुळे बदल एका रात्रीत होणार नाही; पण उद्याची भट्टी कोणती, हा निर्णय आजच्या धोरणानेच होईल.

तारांकन पोलादाचे होते, पाळीवर जाणाऱ्या माणसाचे नव्हे. मंत्रालयाच्या आराखड्यात कौशल्यविकासाचा विचार आहे. तो कंत्राटी कामगारापर्यंत पोहोचला, तरच या संक्रमणास न्याय्य म्हणता येईल. शाळेचे कर्तव्यही येथेच सुरू होते. वडिलांनी कोकभट्टी सांभाळली. लेकीला हायड्रोजनची भट्टी सांभाळता यावी, एवढे रसायनशास्त्र तिला मातृभाषेतून नीट समजले पाहिजे. हीरक महोत्सवाचा खरा संकल्प हाच ठरावा.